च्युइंगमच्या वासाची कार्डं: जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत आमच्या घरी गणपतीला येणारे पाहुणे आरती आणि जेवण झालं की माझ्या कपाटाकडे वळतात. तिथे जाडजूड फायली आहेत आणि फायलींत जुनी बेसबॉल कार्डं. मग जे प्रश्न सुरू होतात ते दरवर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

हे नक्की असतं काय?

पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचा फोटो किंवा चित्र, मागे त्याची माहिती आणि आकडे. १९५७ पासून त्याचा आकार अडीच बाय साडेतीन इंच असा ठरून गेला, म्हणजे साधारण पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढा. त्याआधीची कार्डं लहान-मोठी, हव्या त्या मापाची. सुरुवातीला ती सिगारेटच्या पाकिटात मिळत, नंतर कॅरॅमलच्या गोळ्यांबरोबर आणि १९३०च्या दशकापासून च्युइंगमच्या पुडीत. कार्ड फुकट आणि गोळी विकत, असा मूळ हिशोब. पोरांनी तो केव्हाच उलटा केला.

तुमचं लहानपण डोंबिवलीत गेलं. मग या आठवणी तुमच्या कशा?

हा प्रश्न बायकोचा. रास्त आहे.

माझ्या नाहीतच. मी काडेपेटीचे छाप जमवायचो. रेल्वेच्या रुळांकडेने चालत, खाली मान घालून. वाघ, जहाज, घोडा. एक दुर्मीळ छाप मिळवायला मी सहा गोट्या दिल्या होत्या आणि घरी येऊन रडलो होतो. पुढे सगळा डबा दिवाळीच्या साफसफाईत गेला. कोणी टाकला ते मी विचारलं नाही, आईने सांगितलं नाही.

इथे आल्यावर एका गराज सेलमध्ये एक म्हातारे गृहस्थ भेटले. टेबलावर बुटांचा खोका होता आणि त्यात कार्डं. ते म्हणाले, माझी खरी कार्डं मी सैन्यात गेलो तेव्हा आईने फेकली, ही नंतर विकत घेतलेली. त्या एका वाक्यावर मी खोका उचलला. अमेरिकेत त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आईने कार्डं फेकल्याची गोष्ट निघतेच. देश कुठलाही असो, आया माळा साफ करतातच. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो केला म्हणूनच उरलेल्या कार्डांना भाव आहे.

सुरुवात कुठून झाली?

१८८०च्या दशकात सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा घालण्यापेक्षा चित्र छापलं तर गिऱ्हाईक परत येईल, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. नट्या, झेंडे, पक्षी, मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटू. १८८७च्या ॲलन अँड गिंटरच्या संचातली रंगीत चित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. त्याच काळातल्या 'ओल्ड जज' सिगारेटच्या कार्डांवर स्टुडिओतले फोटो आहेत. खेळाडू झेल घेतोय असं दाखवायचं, तर चेंडू छताला दोरीने टांगलेला. नीट बघितलं तर काही कार्डांत दोरीसुद्धा दिसते!

ते सगळ्यात महागडं कार्ड कुठलं? कुणीतरी तंबाखूला विरोध केला होता म्हणे?

होनस वॅग्नर. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या संचातलं त्याचं कार्ड. संचात पाचशेवर कार्डं आहेत, पण वॅग्नरचं छापणं लवकर थांबलं आणि आज साठच्या आसपास प्रतीच ठाऊक आहेत. पोरांनी आपल्या चित्रापायी सिगारेट विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, ही एक कथा. पैसे न देता चित्र वापरलं म्हणून नकार दिला, ही दुसरी. तो स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिली कथा सांगताना थोडं दमाने घ्यावं. २०२२ मध्ये एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली.

पण सगळ्यात महाग ते नव्हे. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, न्यूयॉर्क यँकीजच्या मिकी मँटलचं १९५२चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

एका कार्डाला कोटी डॉलर? त्यात आहे काय?

त्यात ब्रुकलिन आहे, एक स्वयंपाकघर आहे आणि कचऱ्याची बोट आहे.

टॉप्स ही ब्रुकलिनची च्युइंगम कंपनी. तिथला साय बर्गर हा तरुण कर्मचारी आणि वुडी गेलमन या दोघांनी १९५२चा संच बर्गरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. तोवरच्या कार्डांपेक्षा आकार मोठा, रंग भडक, पुढे संघाचं चिन्ह आणि खेळाडूची सही, मागे गेल्या मोसमाचे आणि कारकिर्दीचे आकडे. आज आपण ज्याला बेसबॉल कार्ड म्हणतो त्याचा साचा त्या टेबलावर तयार झाला.

४०७ कार्डांचा संच. पण तो एकदम बाजारात येत नसे, मोसमभर हप्त्याहप्त्याने येई. शेवटचा हप्ता, ३११ ते ४०७, आला तेव्हा उन्हाळा संपत आलेला. पोरं शाळेत आणि फुटबॉलमध्ये गुंतलेली, दुकानदारांनी माल घ्यायला नकार दिला. खोकी गोदामात पडून राहिली. बर्गरने ती जत्रांमधून स्वस्तात खपवून पाहिली, कुणी घेईना. शेवटी १९६० मध्ये गोदाम रिकामं करायचं म्हणून ती कचऱ्याच्या बोटीत भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिकमध्ये बुडवली. ही हकिकत बर्गरने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. त्या हप्त्याचं पहिलंच कार्ड, क्रमांक ३११, मँटलचं.

आता गंमत बघा. हे मँटलचं पहिलं कार्डच नाही, पहिलं १९५१चं बोमन कंपनीचं. आणि आपल्या हप्त्यात ते सगळ्यात दुर्मीळही नाही. छपाईच्या तावावर मँटल दोनदा होता, म्हणजे शेजारच्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापला गेला. तरीही भाव त्यालाच. माझं मत विचाराल तर हा भाव कार्डाचा नाही. ओक्लाहोमातून आलेला, यँकी संघाचा तो गोरागोमटा पोरगा ज्यांनी दहाव्या वर्षी पाहिला, ती पोरं पन्नाशीत पैसेवाली झाली. त्यांनी आपलं दहावं वर्ष विकत घेतलं.

मी समुद्रावर गेलो की तिकडे बघतो. मुलं चेष्टा करतात.

मुलं या कार्डांशी खेळायची काय?

हा माझा आवडता विषय.

एक खेळ आपल्या छापा-काट्यासारखा. पहिल्याने कार्ड गरगर फिरवत खाली सोडायचं, चेहरा वर पडतो की पाठ ते बघायचं. दुसऱ्याने तसंच पाडून दाखवलं तर दोन्ही कार्डं त्याची. दुसरा खेळ भिंतीकडे कार्ड भिरकावण्याचा. भिंतीला ज्याचं सगळ्यात जवळ, तो सगळी घेणार. आम्ही गोट्या ज्या ईर्ष्येने खेळायचो त्याच ईर्ष्येने, आणि भांडणंही तशीच.

आणि सायकल. मागच्या चाकाजवळ कपड्यांच्या चिमट्याने कार्ड असं अडकवायचं की ते आऱ्यांवर आपटत राहील. फट्-फट्-फट् आवाज! आपल्याकडे हेच वहीच्या पुठ्ठ्याने केलेलं कितीजणांना आठवत असेल. न आवडत्या खेळाडूचं कार्ड सायकलला लावत. आज त्यांतली कितीतरी कार्डं शेकड्याने डॉलर मोजून घ्यावी लागतात.

च्युइंगमची गुलाबी कडक पट्टी पुडीतल्या एका कार्डाला चिकटून असायची, तिचा तेलकट डाग कार्डावर उमटायचा. टॉप्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गम घालणं बंद केलं. माझ्याकडच्या एका १९६६च्या कार्डाच्या पाठीवर तो चौकोनी डाग आहे. बायको म्हणते वास येत नाही. मला येतो.

बेसबॉलच कळत नाही. मग कार्डात मजा कसली?

मलाही कळत नव्हतं. कार्डाची पाठ वाचत शिकलो. एक आकडा कळला तरी पुरे: फलंदाजीची सरासरी. .३०० म्हणजे दर दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके. क्रिकेटवाल्याला हे हास्यास्पद वाटेल, पण दहांतून सात वेळा चुकणारा माणूस इथे मोठा खेळाडू ठरतो. आयुष्यभर ५० च्या सरासरीच्या गप्पा मारल्यावर मला हे फार आवडलं.

पाठीवर छोटी व्यंगचित्रंही असत. अमुक खेळाडू हिवाळ्यात विमा विकतो, तमुकाला शिकारीचा नाद. त्या काळी खेळाडूंना मोसम संपल्यावर दुसरी नोकरी धरावी लागे, हे मला या चित्रांतूनच उलगडलं. १९६४च्या पाठीवर कोडं आहे. उत्तराची जागा पांढरी, नाणं घासलं की अक्षरं उमटतात.

माझ्याकडे १९६४चं लू ब्रॉकचं कार्ड आहे. त्या वर्षीच्या कार्डांवर संघाचं नाव वर ठळक अक्षरात असतं: 'कब्ज'. १५ जून १९६४ ला शिकागो कब्जने ब्रॉकला सेंट लुईस कार्डिनल्सकडे पाठवलं. माझ्या कार्डावर कुणा पोराने निळ्या बॉलपेनने 'कब्ज' वर दोन रेघा मारून बाजूला 'कार्ड्स' लिहिलंय. 'आर' आधी राहिला होता, मग वर बारीक घुसवलाय. मागे नाणं घासून उत्तर काढलेलं आहे. त्याच शरद ऋतूत कार्डिनल्सनी यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली. बाजाराच्या दृष्टीने पेनामुळे कार्ड मातीमोल झालं. मी ते चार डॉलरला घेतलं, आणि घरात आग लागली तर आधी तेच उचलीन.

छापताना चुका होत असत का?

भरपूर, आणि त्या शोधणं हा वेगळाच नाद आहे. १९५७चं हँक ॲरनचं कार्ड उलट्या निगेटिव्हवरून छापलं गेलं, म्हणून उजवा ॲरन डावखुरा दिसतो आणि अंगावरचा ४४ आकडा आरशात पाहिल्यासारखा. १९५९ मध्ये लू बर्डेट या उजव्या गोलंदाजाने फोटोवाल्याची फिरकी घेतली, डाव्या हाताने टाकत असल्याचा आव आणला. कंपनीला पत्ताच नाही, तसंच छापलं. १९६९च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर रॉड्रिगेझ नाहीच, संघाच्या बॅटी सांभाळणारा पोरगा आहे.

एक चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पोर्तो रिकोचा रॉबेर्तो क्लेमेंटे. साठच्या दशकातल्या त्याच्या कार्डांवर नाव छापलंय 'बॉब'. त्याला ते नाव पसंत नव्हतं. माझ्या ऑफिसातही माझ्या नावाची पहिली दोनच अक्षरं वापरतात, त्यामुळे हे कार्ड हातात आलं की मी जरा जास्त वेळ बघतो. क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणाऱ्या विमानात होता. विमान समुद्रात कोसळलं.

जुन्या संचांत कृष्णवर्णीय खेळाडू का दिसत नाहीत?

कारण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत विसाव्या शतकात मेजर लीगचं, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या व्यावसायिक बेसबॉलचं, दार त्यांना बंद होतं. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, पण सिगारेट आणि गमवाले तिकडे फिरकले नाहीत. जॉश गिब्सनला अनेकजण त्या काळचा सर्वांत ताकदवान फटकेबाज मानतात. तो जानेवारी १९४७ मध्ये वारला, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीनच महिने आधी. त्याच्या हयातीत अमेरिकेतल्या कुठल्याच मुलाला पुडीत गिब्सन मिळाला नाही. फायलीत १९४७ आधीची पानं उलटताना ही रिकामी जागा लक्षात ठेवावी लागते, ती आपोआप दिसत नाही.

पूर्ण संच जमवायलाच हवा का?

नको. पण तो किडा चावला की सुटत नाही. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० कार्डांचा संच काढला. १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. पोरं आपली गम विकत घेताहेत, १०६ काही निघत नाही. शेवटी तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाजोई या निवृत्त खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने धाडलं. ज्यांनी निमूटपणे गम चघळला त्यांना काही मिळालं नाही.

संचांना टी२०६ (वॅग्नरचा तो संच), ई९८ अशी नावं कुणी ठेवली?

जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्युसचा साधा कामगार, एकटा, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. कार्डांना क्रम असावा म्हणून त्याने सूची बनवायला घेतली, पहिली १९३९ मध्ये निघाली. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ई म्हणजे जुनी गोळ्यांची, आर म्हणजे नंतरची गमची. सगळं जग आज त्याच्याच अक्षरांत बोलतं.

त्याने तीन लाखांवर चित्रं आणि कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली, आणि नुसती देऊन थांबला नाही. वर्षानुवर्षं तिथे जाऊन, त्या दुखऱ्या बोटांनी ती अल्बममध्ये चिकटवली. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं काम संपवून, कोट चढवून निघून गेला. दोन महिन्यांत वारला. डिंकाने चिकटवली हे ऐकून आजचे संग्राहक कपाळाला हात लावतात. लावू देत. ती फेकली गेली नाहीत.

ग्रेडिंग म्हणजे काय? करून घ्यावं का?

कार्ड ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं. ती कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे का ते तपासून १ ते १० गुण देते आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. विकायचं असेल, महाग असेल, तर करावं. गुणांवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. वॅग्नरची सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला गेली, तिला ८ गुण मिळाले, आणि २०१३ मध्ये जुन्या विक्रेत्याने कोर्टात कबूल केलं की आपण तिच्या कडा कापल्या होत्या.

माझी कार्डं डबीत नाहीत. हात लावता येत नसेल तर फोटोच बघितलेला काय वाईट?

शेजाऱ्याने १९९० सालचे सीलबंद डबे दिलेत. नशीब उघडलं का?

नाही. १९८७ ते १९९३च्या सुमाराला जुन्या कार्डांचे भाव ऐकून लोकांनी नवी कार्डं 'गुंतवणूक' म्हणून साठवली आणि कंपन्यांनी ती प्रचंड प्रमाणात छापली. कुणीच फेकली नाहीत, त्यामुळे सगळ्यांकडेच आहेत. डबा फोडा, मुलांबरोबर बघा, सायकलला लावा.

खोटं कार्ड ओळखायचं कसं?

आधी पट्टी घ्या. १९५२चं 'मँटल' आजच्या मापाचं निघालं तर ते टॉप्सने १९८३ मध्ये काढलेल्या पुनर्मुद्रणातलं असण्याची दाट शक्यता. मग भिंग. जुन्या छपाईत चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीचं असतं, पण अक्षरं आणि काळ्या रेघा सलग. तीही ठिपक्यांची दिसली तर स्कॅन करून छापलेलं समजा. मग अल्ट्राव्हायोलेट दिवा. युद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी रसायनं आली, ती दिव्याखाली चमकतात. १९१०चं कार्ड निळसर चमकलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

सुरुवात कुठून करू?

साठ-सत्तरच्या दशकातल्या साध्या खेळाडूंच्या, कोपरे झिजलेल्या कार्डांपासून. दोन-चार डॉलरला मिळतात. १९६२ची लाकडी चौकटीची किंवा १९७२ची भडक रंगांची घ्या. पैसे खर्चच करायचे नसतील तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ मधली सुमारे २,१०० कार्डं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. भारतातूनही बघता येतात.

मुंबईच्या हवेत टिकतील का?

दमट हवेत पुठ्ठा वाकतो, बुरशी धरतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापरा, जुन्या वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या नकोत. सोबत सिलिका जेल, आणि फाईल बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. वाळवीशी माझी ओळख आहे, म्हणून सांगतो: लाकडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा नको.

ओळखीच्यांच्या माळ्यावर रबरबँड लावलेला गठ्ठा सापडलाय. काय करू?

सोडवायची घाई करू नका. अशक्य काहीच नसतं. २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावात एका माळ्यावर १९१० सालची सुमारे ७०० गोळ्यांची कार्डं निघाली, नव्यासारखी करकरीत.

जुना रबर वाळून कार्डाला चिकटलेला असतो, ओढला तर रंग घेऊन येतो. मधून कात्रीने कापा आणि चिकटलेला भाग तसाच राहू द्या. पुसू नका, सपाट करायला इस्त्री तर मुळीच नको. १९५२चा टॉप्स संच क्रमाने लावला की सगळ्यात वर येतो क्रमांक १, अँडी पॅफ्को. डॉजर्सचा चांगला खेळाडू, पण थोर म्हणावा असा नव्हे. हजारो घरांत रबरबँड त्याच्याच अंगावर रुतला, आणि म्हणून कोरा पॅफ्को आज मिळता मिळत नाही. माझ्याकडचा पॅफ्को दोन्ही बाजूंनी चेपलेला आहे, मधोमध तपकिरी रेघ आहे आणि तिच्यावर रबराचा एक कण अजून चिकटलेला आहे. तो मी काढलेला नाही.